फक्त प्रथम विवाह

बाईंनी मला बोलावलं तेव्हा नवऱ्याचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले होते, आणि मला काहीच होत नव्हतं.

काहीच म्हणजे काहीच. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. चहात साखर घालायची राहिली तर सासूबाई कप खाली ठेवायच्या. मी माझा पिऊन टाकायचे. लोक म्हणायचे, पोरगी धीराची आहे. धीराचा काय संबंध? दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला नसतो, तसं झालं होतं. त्या गालाला कुणी धीराचा म्हणत नाही. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी भोरला घरी बसून करायचे, ते मधल्या काळात सुटलं. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि सासूबाई, दोघी एकमेकींना जेवायला वाढायचो आणि ताटं धुवायचो.

बाई म्हणजे आमच्याकडच्या निवृत्त शिक्षिका. निम्मा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे त्यांना दुसरं नाव उरलेलंच नाही. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं वधूवर सूचक केंद्र आहे. एक खोली, लोखंडी कपाट, भिंतीला लागून लांब बाक. लोक अजून कागदावर स्थळं बघतात, आता ते सगळं कॉम्प्युटरवर घे, म्हणाल्या. मी हो म्हटलं. प्रोग्रॅम लिहिताना कुणी "कशी आहेस" असं विचारत नाही, हा त्या धंद्याचा मोठा गुण आहे.

बाईंनी आपलं कपाट मला पहिल्याच दिवशी नीट दाखवलं. वरच्या कप्प्यात मुली, मधल्यात मुलगे. सगळ्यात खालच्या कप्प्यात लाल नाडी बांधलेली एक जाड फाईल होती, तिच्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात "पुनर्विवाह" लिहिलेलं. येणारे लोक तिला "पाटाची फाईल" म्हणत. आमच्या भागात विधवेचं लग्न लागत नाही, पाट लागतो. ही फाईल तोंडानं कुणी मागत नसे. बाई बोलता बोलता समोरच्याचा चेहरा वाचायच्या, मग गुडघा धरून खाली वाकायच्या आणि ती काढून त्याच्यापुढे ठेवायच्या. "हेही बघून ठेवा, बघायला काय जातंय," एवढंच म्हणायच्या. कितीतरी संसार त्या वाकण्यामुळे उभे राहिले होते. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण मी ते फक्त तीन कप्पे म्हणून टिपून घेतलं.

शोधायचं पान मी दोन आठवड्यांत केलं. वय, उंची, शिक्षण, गाव, तालुका. वेल्हे तालुक्याचं नाव आता सरकारनं राजगड केलंय, पण माणसं वेल्हंच म्हणतात, म्हणून दोन्ही लिहिलं तरी सापडेल असं केलं आणि स्वतःवर जरा खूश झाले, म्हणजे खूश व्हायची जागा तिथे आहे हे मला आठवलं. बाकीचं सगळं, जात, पत्रिका, आधी लग्न झालंय का, हे एका घडीत दुमडून ठेवलं. घडीवर "अधिक निवड" असं लिहिलं. पान मोकळं दिसावं म्हणून.

मग प्रश्न आला की माणसानं एकदा निवडलेलं हे सगळं ठेवायचं कुठे. भाटघरकडून येणारा एखादा बाप एका बोटानं टाइप करत वय, उंची, शिक्षण भरणार, पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आणि पुन्हा पहिल्यापासून भरणार. ते कुठेतरी लक्षात राहायला हवं. पानाच्या पत्त्यातच, म्हणजे वरच्या लिंकमध्येच, लिहून ठेवता येतं. मग ते त्या पानापुरतं राहतं, पान मिटलं की संपलं. ब्राउझरमध्ये ठेवता येतं. मग ते त्या मशिनीपुरतं राहतं. किंवा माणसाच्या अकाउंटला चिकटवून आपल्या सर्व्हरवर ठेवायचं. मग तो माणूस जिथून लॉगिन करेल तिथे त्याच्या मागोमाग जातं. आमच्या धंद्यात यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला भांडायला कुणी नव्हतं म्हणून मी बाईंना समजावून सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कपाटात ठेवायचं की येणाऱ्याच्या पिशवीत, एवढंच ना? पिशवीत दिलं की हरवतं गं. कपाटात ठेव."

मी कपाटात ठेवलं. अकाउंटमध्ये. प्रत्येक कुटुंबाचं आपलं अकाउंट असेल, त्यात त्यांची आपली निवड असेल, असं मी धरून चालले होते. बाईंच्या बाकावर एक दिवस बसले असते तर हे धरून चालले नसते. पण मी घरी बसून लिहिलं.

कारण अकाउंट कुणी उघडलंच नाही. आमच्याकडे स्थळ घरी बसून एकट्यानं मोबाईलवर बघायची गोष्टच नाही. मुलीचा फोटो असा कुणाच्याही हातात फिरू नये, हे एक. दुसरं म्हणजे स्थळ बघायला मामा लागतो, चुलता लागतो, आणि मध्ये बोलायला बाई लागतात. वेल्ह्याच्या पुढच्या वाड्यांवर ओटीपी यायलाही डोंगरावर चढावं लागतं, ते वेगळंच. तेव्हा मंडळी पूर्वीसारखीच बाजाराच्या दिवशी यायची, बाकावर बसायची, आणि बाई आपल्या स्वतःच्या लॉगिननं यादी उघडून पडदा त्यांच्याकडे वळवायच्या. अख्ख्या दोन तालुक्यांची निवड त्या एका अकाउंटमधून होत होती. मी ज्याला पन्नास कपाटं समजत होते ते एकच कपाट होतं.

तुळशीची लग्नं झाली आणि केंद्र नव्या मशिनीवर सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात सारोळ्याहून एक मामा भाच्यासाठी स्थळ बघायला आले. ही गोष्ट बाईंनी मला इतक्यांदा सांगितलीय की मी तिथे होते असं मलाच वाटतं. मामांनी धोतर सावरलं आणि गंभीरपणे म्हणाले, आमाला पहिलटकरीणच पायजे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, पहिलटकरीण हवी असेल तर आधी भाच्याचं लग्न करा आणि मग वर्षभर दम धरा. बाकावरचे लोक हसून हसून वाकले. मामांना म्हणायचं होतं, पहिलं लग्न असलेली. बाईंनी हसत हसत "अधिक निवड"ची घडी उघडली, "फक्त प्रथम विवाह"च्या चौकोनात बरोबरची खूण केली, आणि घडी पुन्हा मिटली.

माझ्या प्रोग्रॅमनं ती खूण इमानदारीनं लक्षात ठेवली. त्यानंतर बाकावर येऊन बसलेल्या प्रत्येक माणसाला, मागितलं असो वा नसो, मामांची निवड मिळायला लागली. घडी मिटलेली असल्यामुळे ती कुणाला दिसलीही नाही. बाईंना वाटलं, मशीन सगळंच दाखवते, आता वाकायची गरज नाही. गुडघ्याला आराम पडला, म्हणाल्या.

संक्रांतीच्या सुमाराला मी नोंदींची प्रत काढत होते, तेव्हा शेवटून तिसरी नोंद माझी निघाली.

फोटो आमच्या लग्नातला होता. मला कापून वेगळं काढलेलं, पण कडेला त्याचं मनगट राहिलं होतं, घड्याळासकट. खाली माझं वय, शिक्षण, "पती वारले, अपत्य नाही". संपर्कासाठी सासूबाईंचा नंबर. आणि अपेक्षा या रकान्यात बाईंनी सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: "माणूस बरा असावा. मुलीला अधूनमधून आमच्याकडे येऊ द्यावं."

मी ते वाचलं आणि मला पहिल्यांदा काय सुचलं, तर फोटोची फाईल मर्यादेपेक्षा मोठी आहे, ती अपलोड कशी झाली. ते मी तपासलं. दुरुस्त केलं. मग भाजी निवडायला गेले. सासूबाई समोर बसून शेंगा सोलत होत्या, मोबाईल मांडीवर ठेवून. एरवी तो फडताळावर असायचा. त्या दिवसापासून मोबाईल त्यांच्या मांडीवरून हलला नाही आणि वाजलाही नाही.

महाशिवरात्रीच्या आधी बाईंनी सगळ्या मुलींची छापील यादी मागितली, काही म्हाताऱ्यांना कागदच लागतो म्हणून. मी यादी काढली तर ती पडद्यावरच्या यादीपेक्षा मोठी. अकरा नावं जास्त. ती अकरा वाचल्यावर कोडं उरलं नाही: सगळ्या विधवा, नाहीतर सोडचिठ्ठी झालेल्या. बाईंच्या अकाउंटमध्ये जाऊन बघितलं तर खूण तिथेच होती, सारोळ्याच्या मामांची.

चूक माझी होती. ही निवड अकाउंटमध्ये ठेवायचीच नव्हती. ती पानाच्या पत्त्यात हवी होती, म्हणजे समोरचा माणूस उठून गेला की त्याची आवडनिवडही त्याच्याबरोबर गेली असती आणि पुढच्या माणसाला कोरं पान मिळालं असतं. दहा मिनिटांचं काम. मी ते बसल्या बैठकीला लिहिलं, तपासलं. आता फक्त सर्व्हरवर चढवायचं राहिलं होतं.

मी चढवलं नाही.

त्या अकरात मी होते. खूण जोवर तिथे होती तोवर मला बघायला कुणी येणार नव्हतं. बैठकीत चटई पसरायची नव्हती, पोह्यांचा ट्रे धरून बाहेर यायचं नव्हतं, कुणा परक्या माणसानं "पहिल्याला काय झालं होतं" असं हळू आवाजात विचारायचं नव्हतं. माझी एकटीची नोंद काढून टाकता आली असती, हे मला कळत होतं. पण मग सासूबाईंना सांगावं लागलं असतं. नको म्हणावं लागलं असतं, आणि नको म्हणायलासुद्धा आत काहीतरी लागतं. न चढवलेल्या दुरुस्तीत मला काहीच म्हणावं लागत नव्हतं. कोंबडं झाकून ठेवलं होतं आणि मला उजाडायची काही घाई नव्हती. बाकीच्या दहा जणींचा विचार आला नाही असं नाही. आला आणि गेला. त्या काळात माझ्याकडे सगळंच तसं यायचं आणि जायचं. होळी झाली की चढवू, असं मी ठरवलं.

होळीच्या आधी बाईंचा प्रिंटर बिघडला म्हणून मी केंद्रात गेले होते, तेव्हा बाकावर विंझरची एक बाई बसली होती. माझ्याच वयाची असेल. बाईंसाठी तिनं हरभऱ्याचे ढाळे आणले होते. नवरा विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि विजेचा झटका बसून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. पहिलीतल्या मुलीला घेऊन ती भावाकडे राहत होती. भाऊ चांगला होता, भावजयही वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं आणि भावाची स्वतःची तीन पोरं. असं ठरलं होतं की जूनमध्ये शाळा उघडली की मुलीला वसतिगृहात घालायचं आणि हिनं हायवेकडच्या एखाद्या कंपनीत कामाला लागून तिथल्याच बायकांबरोबर खोली करून राहायचं. त्याच्या आत मुलीसकट पत्करणारं कुणी मिळालं तर मात्र मायलेकींची ताटातूट टळणार होती. एवढ्यासाठी ती दर पंधरा दिवसांनी विंझरहून नसरापूर, नसरापूरहून भोर असे एसटीचे धक्के खात यायची, आणि काही नाही असं ऐकून परत जायची. हे सगळं तिनं मला प्रिंटरची शाई बदलून होईपर्यंत सांगितलं. तक्रार अशी नव्हती. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

मग तिनं मशिनीकडे बोट केलं. "ताई, तुमीच केलंय न्हवं ह्ये? माजं नाव दिसतंय का त्यात लोकांस्नी?"

"दिसतंय," मी म्हणाले.

खोटं बोलताना पोटात काहीतरी होतं म्हणतात. मला ते झालं नाही. मी शाईचे हात पुसले आणि घरी आले. तिचं नाव कितव्या ओळीवर आहे हेसुद्धा मला पाठ होतं.

होळी झाली. पाडवा झाला. पाडव्यानंतर बाईंचा फोन आला, की सासूबाई येऊन गेल्या आणि तुझ्या नोंदीत एक बदल करायला सांगून गेल्या. तुला माहीत असेलच म्हणून तुलाच सांगते, म्हणाल्या. आवाज जरा अवघडलेला होता. अपेक्षांच्या रकान्यातलं दुसरं वाक्य काढायचं होतं. अधूनमधून आमच्याकडे येऊ द्यावं, हे. त्या अटीमुळेच फोन येत नसणार, असं सासूबाईंना वाटत होतं. सुनेचं दुसरं लग्न करायचं आणि वर तिला माहेरवाशिणीसारखी बोलवायची, हे कुणाला कसं पटेल, असं त्यांनी स्वतःच बाईंना समजावून सांगितलं होतं.

मी ते वाक्य काढलं. कर्सर त्याच्या शेवटी नेऊन एकेक अक्षर मागे खोडत आले. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. वाढताना त्यांनी मला नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली आणि म्हणाल्या, "खा बाय, वाळलीयास लई." मी खाल्ली. त्या दिवशीसुद्धा मी दुरुस्ती चढवली नाही, आणि याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. दार उघडं आहे हे दिसत असूनही माणूस कधीकधी तसाच बसून राहतो.

वैशाखाच्या शेवटी बाईंनी पेढे खायला बोलावलं. नसरापूरकडच्या एका घरातले होते. तिथला एक माणूस, बायको बाळंतपणात गेलेली, मागे पाच वर्षांची मुलगी. त्याचा थोरला भाऊ चैत्रात येऊन बसला होता. त्यांना मुद्दाम मूल असलेलीच हवी होती, म्हणजे दोन्ही पोरी एकमेकींच्या सोबतीनं वाढतील. बाईंनी मशिनीत बघितलं, काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा बघितलं, तरी नाही. शेवटी त्या घरच्यांनी दुसरीकडून फलटणकडची एक बघितली आणि गेल्या आठवड्यात पाट लागलाही. पेढे तेवढे आठवणीनं आणून दिले, माणसं चांगली हो, बाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या की, मला विंझरच्या त्या पोरीचं काय ते डोक्यात येत होतं, पण म्हटलं मशीन नाही म्हणतेय तर तिचं आधीच कुठे ठरलं असेल आणि तू नाव काढलं असशील.

पेढा माझ्या तोंडात होता. मी तो गिळला. मग बाईंच्याच खुर्चीत बसून सर्व्हर उघडला आणि तीन महिने तयार पडलेली दुरुस्ती चढवली. दोन मिनिटं लागली. यादी नव्यानं उघडली तेव्हा अकरा नावं आपापल्या जागी येऊन बसली होती. विंझरची चौथी होती. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना काय झालं होतं ते सांगितलं. मला आधीच माहीत होतं हेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, कपाटाशी गेल्या आणि गुडघा धरून खाली वाकल्या. लाल नाडीची फाईल काढून तिच्यावरची धूळ पदरानं पुसत बसल्या.

त्याच दुपारी घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, आई, माझं नाव काढते आहे. त्यांनी मोबाईल मांडीवरून उचलून फडताळावर ठेवला आणि म्हणाल्या की बरं. रात्री ताटं धुताना म्हणाल्या, "म्या तुला हाकलत न्हवते गं." मला माहीत आहे, असं मी म्हटलं.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात विंझरची ती भोरला आली. मी त्या दिवसांत बाजाराच्या दिवशी केंद्रात जाऊन बसायला लागले होते, लोक कसं बघतात ते बघायला; हे सुरुवातीलाच करायला हवं होतं. ती आत आली, पिशवी पायाशी ठेवली आणि बाईंना म्हणाली की माझं नाव काढून टाका. मुलीला वसतिगृहात घालून झालं होतं. तिला स्वतःला सोमवारपासून कामावर जायचं होतं. आता पोरीला तिकडे ठेवून आपण कुणाच्या घरात जाऊन बसायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. नाव काढायचं काम माझं होतं. मी नोंद उघडली, बोट बटणावर नेलं आणि माझ्याच्यानं ते दाबवेना. मी तिच्याकडे वळले आणि सांगितलं. ताई, तुमचं नाव दिसतंय असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. सात महिने ते कुणालाच दिसत नव्हतं. चूक माझी होती आणि ती मला तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत होती.

बाहेर कंडक्टर महाडच्या गाडीचा पुकारा करत होता.

"म्हंजी ह्या सात म्हैन्यांत आमास्नी बगायला कुनीच आलं न्हवतं?" तिनं विचारलं.

"आलं होतं एक. पाच वर्षांची मुलगी होती त्याला. त्याला तुम्ही दिसला नाहीत."

"मंग त्यानं नको न्हाई म्हनलं."

"नाही."

"आनि दुसरं कुनी?"

"कुणीच 'नको' म्हणालेलं नाही, ताई."

मला लाज वाटली. पोटातून वर चढत ती मानेपर्यंत आली, कान तापले. नवरा गेल्यापासून मला वाटलेली ती पहिली गोष्ट, आणि ती इतकी दुखत होती की खुर्चीची कड धरून बसावं लागलं. मी तिची माफी मागितली. ती ऐकत होती असं वाटलं नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, बहुधा महिने, किंवा एसटीच्या खेपा.

मग ती उठली आणि पिशवी उचलली. आवाज चढलेला नव्हता.

"पोरगी इचारायची, आई, आपल्याला कोन न्यायला का येत न्हाई. म्या म्हनायची, लोक आपल्याला बगत्यात बाळा, पर आपन कुनाला आवडत न्हाई. सा वर्साची हाय ती, तिनं त्ये खरं मानलंय." तिनं पदर नीट खोचला. "ऐतवारी भेटाया सोडत्यात. सांगीन तिला, आपन नावडतं न्हवतो. आपल्याला कुनी बगितलंच न्हवतं."

नाव तेवढं काढा, असं जाताना दारातून पुन्हा म्हणाली. मी काढलं.